बुडालेल्या माणसाची हॅट

१८४० सालचा एक फोटो मी अधूनमधून उघडून बघत बसतो. उघडाबंब माणूस, कमरेखाली कापड गुंडाळलेलं, मान कललेली, डोळे मिटलेले. फोटोच्या पाठीवर मजकूर आहे: हे प्रेत इपोलित बायार यांचं. सरकारनं दागेरला (फोटो काढायची आपली वेगळी रीत शोधणारा दुसरा फ्रेंच माणूस) भरभरून दिलं, बायारसाठी मात्र काही करता येत नाही म्हणालं, म्हणून बिचाऱ्यानं पाण्यात जीव दिला. लिहिणारा अर्थातच बायार. ठणठणीत! पुढे १८८७ पर्यंत जगला.

रुसायला कारण होतं. पॅरिसमध्ये अर्थखात्यात कारकुनी करता करता त्यानं थेट कागदावर फोटो उमटवायची रीत शोधली, जून १८३९ मध्ये तीस फोटो प्रदर्शनातही लावले. दागेरची रीत जाहीर झाली ऑगस्टात. वर्षाला ६००० फ्रँकचं पेन्शन मात्र त्याला.

पण माझी नजर अडते ती त्या चेहऱ्यावर. अंग पांढरंफटक आणि चेहरा, हात काळपट. त्याचाही खुलासा मागे आहे: तोंड आणि हात कुजायला लागलेत, तुमच्या नाकाला त्रास होण्याआधी विषय बदलू या. खरं तर ते उन्हानं रापलेले. तेव्हाची रसायनं निळ्या प्रकाशाला लगेच भुलायची, तांबूस रंगाला दादच द्यायची नाहीत. रापलेली कातडी म्हणजे त्यांच्या लेखी अंधार. त्यात बायारच्या रीतीत कागद आधी उजेडात पुरता काळा करून घेत. मग कॅमेऱ्यात जिथे प्रकाश पडेल तिथे तो फिका होत जाई. सावली वेगळी उमटवायची नव्हतीच, ती आधीपासून होती. उजळायचं राहिलं, ती सावली. त्या उरलेल्या काळ्याला या पठ्ठ्यानं मरण म्हटलं. आणि कित्येक मिनिटं न हलता बसायचं, तर प्रेताचं सोंग किती सोयीचं! पापणी लवायची धास्तीच नाही.

जाणकारांना या मांडणीत चित्रकार दाविदनं रंगवलेला मारा, म्हणजे न्हाणीच्या टबात खून झालेला फ्रेंच क्रांतीतला पुढारी, दिसतो. दिसो. मला शेजारी भिंतीवर टांगलेली ती मोठी गवती हॅट दिसते. पाण्यात उडी घेणाऱ्याची हॅट काठावर राहते, हे झालंच. पण एवढ्या रुंद काठाची हॅट असताना गडी इतका रापला कसा? माझा आपला अंदाज, कॅमेऱ्यात डोकावताना तिचा काठ मध्ये येत असणार. काढून ठेवली असेल, आत्ता टांगलीय तशीच.