बिब्ब्याची बाजू

आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे दर शनिवारी सकाळी सायकलवरून एक माणूस येतो. हँडलला दोन्ही बाजूंनी माळा लोंबत असतात. मिरच्या, एक लिंबू आणि टोकाला काळा कुळकुळीत बिब्बा. जुनी माळ सोडायची, नवी बांधायची, पैसे खिशात आणि पुढचं दुकान. परवा वाण्याचा नातू गल्ल्याजवळ बसला होता. त्यानं विचारलं, "हे काळं काय आहे?" माळवाला म्हणाला, "बिब्बा." "म्हणजे?" "म्हणजे नजर लागत नाही." पोराचं समाधान झालं. माझं झालं नाही. एके काळी तालीम गाजवलेल्या पैलवानाला कुणाच्या तरी लग्नात मांडवाच्या दाराशी उभं केलेलं पाहावं, तसं काहीसं वाटलं.

बिब्ब्याचं आणि मराठीचं तसंही पटलेलं नाही. ठरत आलेल्या सोयरिकीत मामा बिब्बा घालतो. युतीच्या बोलण्यांत कुणीतरी ऐन वेळी बिब्बा घालतो, आणि वर्तमानपत्रं तसा मथळा देऊन मोकळी होतात. हळकुंड निदान अर्धंच असलं की पिवळं व्हायला उपयोगी पडतं, मिठाला जागता येतं, दुधात साखर पडते. बिब्बा मात्र कुणी कौतुकानं घातल्याचं ऐकिवात नाही. भाषेनं फिर्यादीची बाजू ऐकली आणि निकाल देऊन टाकला.

आता फिर्यादीत तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. मी स्वतः एक फिर्यादी आहे.

भोरकडच्या आमच्या गावाच्या वरच्या अंगाला रान होतं. रान म्हणजे ऐन, धावडा, मोई आणि मध्येच एखादा बिब्बा. हे झाड ओळखायला सोपं. पानं चांगली हातभर, टोकाशी रुंद, खालून पांढुरकी. दिवाळीनंतर त्याला फळं येऊ लागतात आणि ती बघण्यासारखी असतात. वर केशरी, मांसल, फुगीर देठ आणि त्याच्या टोकाला बाहेर डोकावणारी काळी चकचकीत बी. काजूचं बोंड लहान करून टांगावं तशी. त्या केशरी भागाला बिब्ब्याचं फूल म्हणतात. फूल नसून ते बी ज्यावर बसते तो फुगलेला भाग असतो, पण फूलच म्हणतात. वाळवून, भाजून ते खातात आणि चव मनुकेच्या वाटेनं जाणारी, जरा तुरट असते.

भाजून खातात, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. दहा-अकरा वर्षांचा असेन. दगड मारून घोस पाडला आणि फुलापासून बी सुटेना म्हणून दातांनी ओढून काढली. बरोबरच्या पोरानंही तेच केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे डोळे उघडेनात. ओठ, गाल, कान सगळं सुजून एकजीव झालं होतं, वर पाणी भरलेले बारीक फोड आणि अशी खाज की भिंतीला तोंड घासावंसं वाटावं. आजीनं एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "बिबा उतलाय. हात लावलास व्हय रं त्येला?" मग तीळ वाटून त्याचा लेप, ओलं खोबरं चघळायला आणि चुलीजवळ फिरकायची बंदी. आठ-दहा दिवस मी आरशात पाहिलं नाही. बरोबरच्या त्या पोराला काही म्हणजे काही झालं नव्हतं. तो रोज सकाळी येऊन माझं तोंड बघून जायचा.

"बिबा मानूस बघून उततो," आजीचं मत. हा पक्षपात पुढे कधीतरी पुस्तकात वाचला तेव्हा आजी आठवली. बिब्ब्याच्या टरफलातल्या तेलाला अंगचा दाहकपणा आहेच, पण मोठा उत्पात होतो तो बऱ्याचदा आपल्याच शरीरानं त्याच्याशी धरलेल्या वैरामुळे. ज्याचं शरीर वैर धरत नाही, त्याची सुटका स्वस्तात होते. आंबा, काजू, चारोळी ही सगळी बिब्ब्याची भावकी. अमेरिकेत रानात फिरणारे लोक ज्या विषारी वेलीला घाबरून असतात, तीही याच कुळातली. कैरीच्या चिकानं ओठाच्या कोपऱ्याला जे होतं, ते याच घराण्याचं सौम्य वळण.

फिर्यादींत मी एकटाही नाही. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर, कमरेवर चमत्कारिक चट्टे उठू लागले. डॉक्टरांनी शोध घेतला तेव्हा कळलं की कपड्यांवर ज्या ज्या ठिकाणी धोब्यानं खूण केली होती, बरोबर त्या त्या ठिकाणी चट्टा होता. ती खूण बिब्ब्याची. बंदुकांनिशी आलेल्या माणसांना एका बीनं कॉलरच्या आतून गाठलं.

आणि न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत तर बिब्बा थेट गुन्हेगारांच्या पंगतीला बसलेला आहे. भांडणानंतर समोरच्यावर खोटी फिर्याद ठोकायची, तर बिब्ब्याचं तेल अंगाला लावून मुका मार लागल्याचा डाग तयार करायचा, ही जुनी युक्ती. विद्यार्थ्यांना ती ओळखायला शिकवतात. खरा मार दुखतो, हा खाजतो. याच्या कडेनं बारीक फोड असतात, खाजवलेल्या बोटांनाही फोड येतात, आणि डाग नेमका स्वतःचा हात पोचेल अशाच जागी असतो. पाठीच्या मध्यावर बिब्ब्याचा मार कुणाला लागत नाही.

इथवर फिर्यादीची बाजू झाली. आता आजीचा डबा.

बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता. त्यात मुरुडशेंग, वेखंड, हिरडा, मायफळ, जायफळ अशी गर्दी आणि एका चिंधीत वेगळे बांधलेले दहा-बारा बिब्बे. बाकी सगळं एकत्र नांदायचं, बिब्ब्यांना तेवढा सवतासुभा. दारावर वैदूबाई यायची, 'सुया घ्या, दाभण घ्या, बिबं घ्या, शिक्काय' असा हेल काढत. तिच्याकडून आजी बिब्बे निवडून घ्यायची, दाबून बघून, जड आहेत ना, आतलं तेल आटलेलं नाही ना. पायात बाभळीचा काटा मोडला आणि निघाला नाही की बिब्बा दाभणाला टोचून दिव्यावर धरायचा. तो चुरचुरू लागला, काळं तेल बुडबुडत वर आलं की काट्याच्या जागी एकच चटका. एकच. तळपायाची कातडी जाड, तिथं हे चाले. आजोबांच्या टाचांच्या भेगांतही हा कार्यक्रम व्हायचा आणि ते तेवढ्यापुरते देवाचं नाव मोठ्यानं घ्यायचे. पायाच्या वर मात्र आजीचा बिब्बा कधी चढला नाही. शेजारी कुणी खोकल्यावर दुधात बिब्ब्याचा थेंब पाडून द्यायचे, तर ती पाठीमागे बोटं मोडायची. धान्याच्या कणगीतही चार बिब्बे टाकलेले असायचे, किडीनं वाट वाकडी करू नये म्हणून.

(हे वाचून कुणी दिवा आणि दाभण घेऊन बसू नये. माझं तोंड मी वर वर्णन केलेलं आहे.)

बिब्ब्याशी कसं वागायचं याची रीत वैद्यांनीही बारकाईनं बसवली. संस्कृतात तो भल्लातक. अग्निमुख हेही त्याचंच नाव आणि अरुष्कर, म्हणजे जखम करणारा, हेही. इतकी नावं ठेवूनही चरकानं त्याला रसायनांत, म्हणजे बळ आणि आयुष्य वाढवणाऱ्या औषधांत, मानाचं पान दिलं. पण औषधात घेण्याआधी देठाकडची टोपी कापायची, विटेच्या चुऱ्यात घोळायचा, चुऱ्यानं तेल ओढून घेतलं की धुवायचा, हे सगळं उरकल्याशिवाय वैद्य त्याला खलात घेत नाही. मला यातली वीट आवडते. एवढं शास्त्र, एवढी नावं, आणि शेवटी कामाला येतो तो पडक्या भिंतीचा चुरा.

आणि या जळजळीत कवचाच्या आत काय असतं, तर गोडांबी. पांढरी, मऊ, चारोळी आणि बदामाच्या मधली चव. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात गोडांबी हवीच. आपण ती वाण्याकडून पुडीत आणतो, महाग झाली म्हणतो आणि खोबऱ्याबरोबर परततो.

ती पुडी कुठून येते ते मी एकदाच पाहिलं, विदर्भात, एका नातेवाइकांच्या गावी. ओसरीत एक बाई बसली होती. पुढ्यात एक दगड रोवलेला, हातात दुसरा. बिब्बा उभा धरायचा, एक टोला. जोर जास्त झाला तर गर चुरतो आणि तेल उडतं, कमी झाला तर बिब्बा निसटून पळतो. टोला अचूक बसला की टरफल दुभंगायचं आणि ती आतला दाणा बोटाच्या नखानं उचलून सुपात टाकायची. शेजारी राखेचं टोपलं होतं, त्यात मधूनमधून हात घोळायची. तासाभरात सुपाचा तळही झाकला नाही. तिचे हात मनगटापर्यंत काळे होते, नुसते रंगानं काळे नव्हे, कातडी सोलून पुन्हा आलेली, परत सोललेली. मनगटावर, गालावर उडालेल्या थेंबांचे ठिपके. मी शहरी मूर्खपणानं विचारलं, "हे धुतल्यावर जातं का?"

तिनं वरही पाहिलं नाही. "धुतल्यानं गेलं असतं तं धोब्यानं कायले घेतलं असतं?"

बिब्ब्याविषयी इतकं नेमकं वाक्य मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. धोब्याचं कसबही त्यातच आलं. बिब्ब्याला टोचायचं, सुईच्या टोकावर येईल तेवढं तेल कापडाच्या कोपऱ्याला लावायचं, वरून चुना. खूण आधी तपकिरी, मग काळी होते आणि तिथून पुढे भट्टी, सोडा, दगडावरची आपटणी, कशालाही दाद देत नाही. गावभरच्या धोतरांतून आपलं धोतर परत आपल्याच घरी यायचं ते त्या दोन ठिपक्यांच्या भरवशावर.

याची नोंद परक्यांनी घेतली, हे मला जरा लागतं. झाडाचं शास्त्रीय नाव सेमेकार्पस अनाकार्डियम. पहिल्या शब्दात खुणेचं फळ, दुसऱ्यात हृदयाचा आकार. इंग्रजीतही त्याला 'मार्किंग नट'च म्हणतात. म्हणजे ग्रीक-लॅटिनवाल्यांनी धोब्याची आठवण ठेवली, हृदयापर्यंत पोचले, आणि आपण सोयरिकीत बिब्बा घालत राहिलो. गोव्यात तेवढी बरी स्थिती आहे. तिथं ओल्या काजूगरांना बिबे म्हणतात आणि त्यांची उसळ असली की माणसं एक पोळी जास्त खातात. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला. नवं झाड आलं, त्याची बी बोंडाच्या बाहेर लोंबणारी, कवचात जाळणारं तेल, आत गोड गर. रानातला बिब्बा ज्यानं पाहिला होता त्याला दुसरं नाव सुचायचं कारण नव्हतं, असा माझा आपला तर्क. छत्तीसगढात बिब्ब्याला भेलवा म्हणतात आणि आपल्याकडे दिव्याची अवस असते त्या दिवशी, हरेलीला, शेतकरी भेलव्याच्या फांद्या नेऊन शेतात रोवतात. राखण म्हणूनच. पण ती अख्ख्या पिकाची आणि पानांसकट.

'बिब्बा घालणे' नेमकं कशावरून आलं असावं यावर मी बराच विचार केला आहे. फुकटचा वेळ असला की करतो. जाळतो म्हणून? डाग जात नाही म्हणून? का त्या खोट्या फिर्यादींमुळे? मला डागाचा तर्क पटतो. मामानं बिब्बा घातला की पुढे ते लग्न मोडो वा होवो, मामा काय म्हणाला होता ते चाळीस वर्षं कुणी विसरत नाही.

आजोबांचं एक धोतर अजून आमच्याकडे आहे. धोतर म्हणजे त्याचा हातभर तुकडा, बाकीचं केव्हाच विरलं. वापरून वापरून तो इतका तलम झाला आहे की आई श्रीखंडाचा चक्का बांधायला दुसरं कापड घेत नाही. त्याच्या एका कोपऱ्यात दोन ठिपके आणि एक तिरकी रेघ आहे, परवा काढल्यासारखी काळी. तो धोबी नाही, त्याचं दुकान नाही, ती खूण वाचणारंही कुणी राहिलं नाही. गेल्या पाडव्याला आई चक्का बांधत होती. दही ओतलं, तीन कोपरे एकत्र धरले आणि चौथा हातानं बाजूला काढून बाहेर लोंबत ठेवला.

"तो का बाहेर?" मी विचारलं.

"बिब्बा आहे तिथं," ती म्हणाली. "दह्याला लागायला नको."