आधी फ्रिज, मग ग्लास

वाईनची बाटली घरात आली की तिच्यामागून एक परीक्षाही आत येते, असं पुष्कळांना वाटतं. ग्लास बरोबर आहे का, धरायचा कुठे, आधी वास घ्यायचा की घोट? आणि पाहुण्यांत कुणी आपल्याहून जाणकार निघाला तर? (एक तरी असतोच, आणि तो गप्प बसत नाही.) या धास्तीपायी यजमान महागडे ग्लास आणतो आणि चवीचा निम्मा कारभार जिच्या हातात आहे ती गोष्ट विसरतो: तापमान.

व्हाइट थंडगार द्यावी, रेड खोलीच्या तापमानाला, एवढं सगळ्यांनाच पाठ असतं. पण हा नियम पडला तेव्हाच्या युरोपातल्या खोल्या आजच्यासारख्या उबदार नव्हत्या. आजच्या २५ अंशांच्या खोलीत तीच रेड कोमट होते. मग अल्कोहोल नाकात आधी शिरतं, फळाचा गंध मागे पडतो आणि बिचारी वाईन 'जड आहे' म्हणून बाजूला सारली जाते. भारदस्त रेडला १६ ते १८ अंश पुरतात. हलकी रेड १२ ते १४ वरही खुलते. तेव्हा ओतण्याआधी रेडची बाटली वीसेक मिनिटं खुशाल फ्रिजमध्ये ठेवावी. त्यावर जाणकाराची भुवई वर गेलीच, तर जाऊ द्यावी.

व्हाइटच्या बाबतीत गडबड उलटी होते. घरचा फ्रिज साधारण ४ अंशांचा असतो. रात्रभर त्यात राहिलेली बाटली तशीच ओतली तर जिभेला गारव्यापलीकडे काही कळत नाही. हलक्या व्हाइटला ८ ते १०, ओकच्या पिंपात मुरलेल्या व्हाइटला १० ते १३ अंश बरे, म्हणून ती थोडी आधी बाहेर काढावी. अर्थात, थंडी गुणांसारखे दोषही झाकते. सुमार बाटली गळ्यात पडली असेल तर ती गारच द्यावी, हा माझा बेशरम सल्ला. एरवीही अंदाज चुकायचाच असेल तर थंडीकडे चुकावा. ग्लासातली वाईन हाताच्या आणि हवेच्या उबेने आपसूक वर चढते, खाली मात्र येत नाही.

पाहुणे दारात आणि बाटली गरम असेल, तर नुसत्या बर्फात खोचून भागत नाही. खड्यांमध्ये हवाच जास्त असते. बर्फात पाणी ओतलं की ते बाटलीला चहूबाजूंनी लपेटून घेतं. वर मूठभर मीठ टाकलं तर काम आणखी लवकर होतं.

फेसाळ वाईनमध्ये तर तापमान हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. शॅम्पेनच्या बाटलीत ५ ते ६ वातावरणांइतका दाब असतो, आणि बाटली गरम असेल तर तो आणखी वाढतो. ती ६ ते ८ अंशांवर आणावी, बुचावरची तार सैल करताना अंगठा बुचावरून हलवू नये, बाटली तिरकी धरावी आणि बूच पक्कं धरून बाटली फिरवावी. जोरात आवाज काढण्यात मर्दुमकी कसली? निम्मा फेस जमिनीला पाजायचा असेल तर गोष्ट वेगळी.

ग्लासांचं एवढं स्तोम नको. तोंडाकडे किंचित निमुळता, दांडीचा, एकाच प्रकारचा ग्लास सगळ्यांना चालतो. तो एक तृतीयांशच भरावा, म्हणजे गंध फिरायला जागा राहते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत असे पाचेक ग्लास होतात. मात्र ग्लासाला साबणाचा किंवा कपाटाचा वास नको. तो वास चांगल्या वाईनलाही पुरून उरतो.

बाटली तासभर आधी उघडून ठेवली की वाईन 'श्वास घेते' म्हणतात. एवढ्याशा गळ्यातून घेणार तरी किती? तरुण, तुरट रेड मोकळी करायची असेल तर ती सरळ रुंद तोंडाच्या जगमध्ये ओतावी. डिकँटर, म्हणजे वाईन ओतून ठेवायचं खास काचेचं भांडंच, हवा असं नाही. जुनी रेड केवळ तळाचा गाळ बाटलीतच राहावा म्हणून हलक्या हाताने ओतायची, आणि मग रेंगाळायचं नाही. ती हवेत पटकन मावळते.

पहिला थेंब यजमानाने आपल्याच ग्लासात ओतून हुंगावा. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर टीसीए नावाच्या रसायनाने बाटली बिघडली आहे. ते बहुधा बुचातून येतं. अपायकारक नाही, पण वाईन गेली. ती हवा लागून सुधारेल म्हणून वाट पाहू नये, दुसरी बाटली उघडावी.

आणि उरली तर रेडसुद्धा बूच लावून फ्रिजमध्येच जाते. छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर आणखी टिकते. दोन-तीन दिवसांत संपवावी. पाहुण्यांना पुन्हा बोलवायलाच हवं असं नाही.