हादग्याची नोंद ११ : शिडीशिवाय बावीस फुलं

काल सकाळी सव्वासहाला हात खांद्याच्या वर न नेता हादग्याची बावीस फुलं भाजीसाठी खुडली. शिडी नाही, आकडी नाही, खाली कुणी चादर धरून उभं नाही. पहिल्या नोंदीपासून जे सोबत आहेत त्यांना या बावीस फुलांची किंमत वेगळी सांगायला नको.

आणि कालच दुपारी गोठ्यामागचा हादगा मुळासकट काढला. छाटणीनंतर गेलेलं हे तिसरं झाड. एकाच दिवसात दोन्ही झालं म्हणून लगेच लिहायला बसलोय.

आमची जमीन कोल्हापुरातल्या कसबा बावड्याची, नदीकडची मळीची, म्हणजे गाळाची. हादगा तिथं काय वेगानं वाढतो ते मागं लिहिलंय: पहिल्या वर्षी बारा-चौदा फूट, पुढच्या पावसाळ्यात पत्र्याच्या वर. लाकूड पोचट, चढायची सोय नाही. आकडीनं ओढलं तर फुलाऐवजी फांदीच हातात येते, आणि उंचावरून पडलेलं फूल दुपारपर्यंत तपकिरी पडतं. झाड बुटकं ठेवणं हा एकच प्रश्न मी अडीच वर्षं धरून बसलोय.

विहिरीकडचं झाड मी मार्चमध्ये छातीएवढ्या उंचीवर सरळ करवतीनं कापलं होतं. शेवग्याला आपण हेच करतो. गिरिपुष्पालाही (ग्लिरिसिडिया) करतो, आणि ते तर पंधरा दिवसांत झुडूप होऊन दाखवतं. हादग्यानं काडेपेटीच्या काडीएवढे सात-आठ फुटवे काढले, मे महिन्यात ते करपले आणि जूनमध्ये साल सुटली. उन्हाला दोष दिला. म्हणून दुसरं, फाटकाजवळचं, पावसाळा लागल्यावर गेल्या वर्षीच्या जूनमध्ये कापलं. फुटवे जोरात आले. मग कापल्या जागेतून डिंक सुटला, आधी लालभडक, दोन दिवसांत काळा. वरून खाली कूज उतरत गेली आणि ऑगस्टमध्ये तेही संपलं. यावेळी पाण्याला दोष दिला. पाणी आत मुरलं, बुरशी आली, असं ठरवून टाकलं.

म्हणून गोठ्यामागच्या झाडाला यंदा काही कमी पडू द्यायचं नाही असं मनाशी घेतलं होतं. हे माझं सगळ्यात जुनं, २०२० मध्ये लावलेलं. २०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून वर गेलं, तेव्हा हे झाड कमरेएवढ्या पाण्यात उभं होतं. पाणी ओसरल्यावर खोडाला पांढरी, कापसासारखी मऊ मुळं लोंबताना दिसली होती. आजूबाजूचा ऊस कुजला, हे जगलं. यंदा ते पत्र्यावर कललं होतं, काहीतरी करणं भागच होतं.

ऑगस्टअखेरची उघडीप बघून कापलं. तिरका काप. करवत स्पिरिटनं पुसलेली. वर ताजी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा बुरशीनाशक लेप. पेस्टबद्दल आधीही लिहिलंय, तरी पुन्हा सांगतो: डब्यातल्या तयार पावडरीवर माझा विश्वास नाही. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी; दोन्ही प्लास्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मग एकत्र. लक्ष्मीपुरीतून आणलेला चुना पाण्यात टाकल्यावर खदखदला पाहिजे. थंड राहिला तर तो उतरलेला चुना, परत करायचा. मिश्रणात घासलेला विळा मिनिटभर बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे. माझा विळा स्वच्छ निघाला होता.

काप शेवटपर्यंत कोरडा राहिला. डिंक नाही, कूज नाही, भुंग्याचं छिद्र नाही. वरून पाहिलं तर जखम अगदी निरोगी. आणि झाड मेलं. फुटवे बोटभर झाले, पिवळे पडले, गळले. पुन्हा आले, याहून बारीक, तेही गळले. तिसऱ्यांदा आलेच नाहीत. एवढा चिडलो होतो की आठवडाभर तिकडं फिरकलो नाही.

काल खणताना उत्तर मिळालं. मुळांवरच्या गाठी बोटानं दाबल्या की फुटत होत्या. आत तपकिरी, पाणचट, काही तर नुसत्या रिकाम्या टरफलासारख्या. लगेच कुंपणाकडच्या फुलणाऱ्या झाडाच्या बुडातली वीतभर माती हातानं उकरली, एक बारीक मूळ उचललं, गाठ नखानं कापली. आत गुलाबी, डाळिंबाच्या फिक्या दाण्यासारखी. गाठीतले जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात, पण त्यांचं जेवण पानांतून खाली येतं. मी एका दिवसात एकूण एक पान उतरवलं होतं. वरची जखम झाकण्यात गुंतलो आणि खाली मुळं उपाशी मेली.

हे मला गेल्या महिन्यात सांगून झालं होतं, कळलं काल. बहिणीचे सासरे मिरजेकडचे. आरग-बेडगच्या त्या पट्ट्यात पानमळे आहेत, त्यांचं आयुष्य पानमळ्यात गेलंय. पानवेलीला आधार म्हणून शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा हीच झाडं मळ्यात असतात. गणपतीला ते आमच्याकडं आले होते. गोठ्यामागं उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "डोस्कं मारा की, कोण नगं म्हणतंय? पर अंगावरची सगळी कापडं का काढलासा?"

मी म्हटलं, "आबा, मळ्यात तुम्हीही छाटताच की."

"छाटतो. शेंडा तेवढा मारतो, सावली जास्त झाली तर बगलंच्या चार फांद्या काढतो. ऱ्हायलेला पाला त्याच्या पोटाला नगो का?"

तेव्हा मी मान हलवली आणि मनात बोर्डो पेस्टच घोळवत राहिलो. गिरिपुष्प आणि शेवगा बुंध्यातल्या शिलकीवर पुन्हा उभे राहतात. हादग्याकडं ती शिल्लक नाही, तो रोज कमावून रोज खाणारा आहे. सगळा पाला एकदम उतरवला की संपला. शेंडा मारणं आणि बुंधा उघडा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी अडीच वर्षं त्या एकच समजत होतो.

आता बावीस फुलांकडं येतो.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात कुंपणालगत तीन बिया टोकल्या होत्या. बी कपिलतीर्थ मंडईतल्या मावशींनी त्यांच्या दारच्या झाडाचं दिलेलं. त्याआधी एका रोपवाटिकेतून हादगा म्हणून आणलेली चार रोपं शेवरीची निघाली होती, वर्षभर पाणी घातल्यावर बोटाच्या पेराएवढी पिवळी फुलं आली तेव्हा कळलं. नव्यांसाठी सांगतो, रोप लहान असतानाच पर्णिका बघा: हादग्याची रुंद, बोटाच्या टोकाएवढी असते, शेवरीची अरुंद आणि चिमुकली. पण खरं तर रोप आणूच नका. बी सहज उगवतं. रात्रभर पाण्यात ठेवा, जागेवरच टोका, आणि जुन्या हादग्याखालची दोन ओंजळी माती खड्ड्यात टाका म्हणजे गाठी लवकर धरतात.

त्या तीनपैकी दोन रोपांचे शेंडे ऑगस्टमध्ये शेजारच्या वहिनींच्या शेळीनं खाल्ले. सातव्या नोंदीत त्यावर मी फार रागानं लिहिलं होतं, ते आज मागं घेतो. शेळीनं मांडीएवढ्या उंचीवर कोवळा शेंडा तेवढा तोडला, खालची पानं तशीच राहिली. महिनाभरात दोन्ही रोपांना चार-चार बगलफांद्या आल्या. यंदा जूनमध्ये त्या फांद्यांचे शेंडे मी नखानं खुडले. सिकेटर (छाटणीची कात्री) लावलंच नाही. (नखानं तुटत नसेल इतका शेंडा निबर झाला असेल तर उशीर झाला असं समजा. आणि मोठ्या फांदीसाठी सिकेटर घ्यायचं तर आपल्याकडच्या लोहाराकडून धार लावून मिळेल असं घ्या. मी ऑनलाइन मागवलेलं हलकं पातं पोचट लाकूड कापत नाही, चेचतं.)

तिसरं रोप शेळीच्या तावडीतून वाचलं. एकच बी, एकाच दिवशी टोकलेलं, एकाच ओळीत. ते आज चौदा फुटांवर आहे आणि त्याचं पहिलं फूल अकरा फुटांवर. खुडलेली दोन्ही झाडं सहा फुटांच्या आत आहेत आणि फुलं कमरेपासून सुरू होतात. मुद्दाम प्रयोग मांडला असता तरी इतका नेटका जमला नसता.

हस्त नक्षत्र लागून आठवडा झाला. पहाटे पाचला अंगणात आलं की दक्षिणेला अगस्तीचा तारा ठळक दिसतो. संस्कृतात या झाडालाही अगस्तीच म्हणतात. तो दिसायला लागला की हादग्याच्या कळ्या कोयरीसारख्या वाकतात. पांढरं फूल उजाडायच्या आत खुडलं तर करकरीत असतं, सूर्य वर आला की शिंजीर येऊन प्रत्येकात चोच घालून जातात. लालही लावून झाला, भाजीला पांढराच बरा, कडवटपणा कमी.

बावीस फुलांतला मधला दांडा एकेक करून काढला. तो राहिला तर अख्खी भाजी कडू. देठाकडची टोपीही काढली. लसूण, कांदा, आमची कांदा-लसूण चटणी, मग फुलं, आणि दोन वाफांनंतर बेसन पेरलं. फुलं तव्यावर पार आटतात, बावीसची दीड वाटी झाली. त्यातली एक वाटी पुतणीनं मागून नेली. संध्याकाळी गल्लीतल्या मुलींचा हादगा, म्हणजे भोंडला, होता. पाटावर हत्ती काढून, फेर धरून झाल्यावर खिरापत ओळखायची वेळ आली. गोड का तिखट इथपासून सुरुवात, मग भेंडी, मेथी, केळफूल, कोबी. वीस मिनिटं कुणालाच ओळखता आली नाही. शेवटी डबा उघडून पुतणी म्हणाली, "हादग्याला हादगाच!" मुली तो डबा घेऊन अंधारात बॅटरी लावून झाड बघायला आल्या. निम्म्यांना या नावाचं झाड असतं हेच माहीत नव्हतं. पाच-सात जणींनी आपापल्या हातानं एकेक कळी चाचपून बघितली. झाड बुटकं होतं म्हणून त्यांचे हात पोचले, हे मी तिथं उभा राहून बघत होतो.

पुढचं. लिहायला बसलो तेव्हा चौदा फुटीचा शेंडा आबांच्या पद्धतीनं या आठवड्यातच मारायचा असं ठरवलं होतं, बगलफांद्या सगळ्या ठेवून. आता वाटतंय नको. ओळीतलं न खुडलेलं तेवढं एकच झाड आहे, तुलनेसाठी ते तसंच हवं, आणि बियांच्या शेंगा त्याच्यावरच धरतो. शेंगा हात-हातभर लांब होतात, खुडलेल्या झाडावर धरल्या तर फुलांचा जोर जाईल.

फाटकाजवळच्या रिकाम्या जागेत पुढच्या जूनपासून दरवर्षी दोन बिया टोकायच्या. हादगा तसाही फार वर्षांचा सोबती नाही, मळीच्या जमिनीत मुळं वरवर राहतात आणि वळवाच्या वाऱ्यात मोठं झाड आडवं होतंच. जुन्याला बुटकं करण्यापेक्षा लहानपणीच खुडलेलं झाड चार वर्षं वापरायचं, तोवर मागचं तयार.

फांदी वाकवायचाही नाद लागलाय. गेल्या महिन्यात दोन बगलफांद्यांना सुतळी बांधून खुंटीला ताण दिला. पहिली एकाच दिवशी ओढली, ती बेचक्यात फाटली. दुसरीची सुतळी दर चार दिवसांनी दोन बोटं आवळत गेलो, तीन आठवड्यांत ती जवळजवळ आडवी आलीय आणि तिच्या पाठीवर प्रत्येक पानाच्या बगलेत कळीचा घोस दिसतोय. सरळ वाढलेल्या फांदीवर इतके घोस नाहीत. हे पुढं टिकलं तर खुडण्यापेक्षा वाकवणंच बरं ठरेल, त्यात एकही पान जात नाही. उद्या आणखी तीन बांधतो.

गोठ्यामागचं खोड अजून अंगणात आडवं पडलंय. ते चुलीत घालायला मन होत नाही, आणि तसंही भुर्रकन जळून जाईल. आत्ता लिहिता लिहिता सुचतंय की ते कुंपणाकडं रोवून त्यावर घोसाळ्याचा वेल चढवता येईल, पोचट असलं तरी एक हंगाम टिकेल. आबांनी पानवेलीचं बेणं देतो म्हटलंय, ते मात्र जिवंत झाडालाच. सहा फुटी हादग्याची सावली पानवेलीला पुरेल का हे दिवाळीत त्यांना विचारून घेतो. तोवर कुणी बुटक्या झाडावर नागवेल चढवली असेल तर कळवा, आणि किती पाला ठेवला होता तेही.