फिट टू पेज

रविवार अख्खा मिग-२१ विमानाच्या छोट्या मॉडेलच्या कॅनोपीत (वैमानिकावरचं काचेचं झाकण) गेला. १/७२ स्केल, म्हणजे खऱ्यातले ७२ सेंटिमीटर इथे १. रंग देताना काचा झाकायच्या मास्कची प्रिंट नौपाड्यातून काढून आणली, वाशी टेपवर (कागदी चिकटपट्टी) ठेवून नव्या ब्लेडने कापली, आणि एकही मास्क बसेना! प्रत्येक कड केसभर आखूड. शेवटी पट्टी लावली तर प्रिंटवरची ५० मिलिमीटरची रेघ ४८ भरली. प्रिंट पानात बसवायला लहान करणाऱ्या 'फिट टू पेज'ची खूण काढायला मीच विसरलो होतो. परत जिना उतरा, परत रिक्षा.

दुसऱ्या खेपेला चपखल. (गोलाईवर ब्लेड नाही, कागद फिरवायचा.) टेप सोलली आणि फ्रेमची कड अशी लख्ख निघाली की बायकोला हाक मारली. ती म्हणाली, "एवढंसंच?"

आता राउंडेल, म्हणजे हवाई दलाचं गोल चिन्ह. आधी सगळं पांढरं, मग बाहेर हिरवा, मध्ये केशरी.