बिल कोण देणार?

परवा कॅसाब्लांका परत बघितला, दुसऱ्या महायुद्धात मोरोक्कोत अडकलेल्या निर्वासितांचा तो जुना हॉलिवूड पिक्चर. दुपारी जेवून आडवा पडलो होतो, झोप काही येईना, म्हटलं लावू या थोडा वेळ, आणि मग शेवटचं विमान उडेपर्यंत उठलोच नाही. पण या वेळी अडकलो ते एका हातावर. हंफ्री बोगार्ट म्हणजे हॉटेलमालक रिक, त्याचा चेहरा दिसायच्या आधी आपल्याला त्याचा नुसता हात दिसतो. एक नोकर कागद पुढे करतो आणि तो हात पेन्सिलने 'ओके, रिक' असं खरडतो. कागदावर तारीख २ डिसेंबर १९४१. बाकीच्या हिरोंची एंट्री घोड्यावरून होते, ट्रेनमधून होते, गेला बाजार मारामारीतून तरी होते. या बाबाची एंट्री गिऱ्हाइकाची रक्कम मंजूर करताना.

आता माझी एक खोड सांगतो. पिक्चरमध्ये कोणी हॉटेलात बसलं की माझं डायलॉगकडे लक्षच राहत नाही, यांचं बिल कोण देणार इकडे लागतं. दोघं भांडतात, ती रडत रडत निघून जाते, हा तिच्या मागे धावतो, टेबलावर दोन कॉफ्या तशाच, आणि मी इकडे अस्वस्थ. बायको म्हणते अरे ती रडतेय आणि तू वेटरकडे काय बघतोयस!

याला जबाबदार आमचे आप्पामामा. ते सुट्टीत आले की बाबा आम्हा सगळ्यांना स्टँडाजवळच्या हॉटेलात डोसा खायला न्यायचे आणि डोशापेक्षा नंतरचा तमाशा बघण्यासारखा असायचा. शेवटचा घास तोंडात असतानाच मामा 'हात धुऊन येतो' म्हणून उठायचे. बेसिन डावीकडे आणि मामा उजवीकडे, गल्ल्याकडे. बाबांना हे पाठ होतं, तेही उठायचेच. मग गल्ल्यासमोर एकमेकांची मनगटं धरून 'नाही दाजी, आज मी', 'अहो तुम्ही पाहुणे, शोभतं का', मालक बडीशेपेची वाटी पुढे सरकवून शांतपणे बघत बसलेला. एकदा मामांनी बाबांची नोट त्यांच्याच खिशात परत कोंबली तर खिसा टर्रकन फाटून खाली लोंबायला लागला. बिल शेवटी मामांनीच दिलं. घरी आल्यावर आईने दोघांनाही झापलं. आणि मग मी बघितलं की मामा ओसरीवर बसलेत, छोटी डायरी काढलीय आणि त्यात डोशांचा खर्च लिहितायत. पैशासकट.

तर अशा घरात वाढलेल्या माणसाला रिकचं हॉटेल म्हणजे पर्वणीच की हो! लोक म्हणतात ही प्रेमकथा आहे, हेरगिरी आहे, त्याग आहे. असेल. मला तर त्यात सगळीकडे हिशेबच दिसतो. नाझींशी लढणारा लाझ्लो आणि त्याची बायको इल्सा, म्हणजे रिकची पॅरिसमधली जुनी प्रेयसी, आत येतात, दोन क्वांत्रो (संत्र्याची दारू) मागवतात, तेवढ्यात कोणीतरी येऊन कुजबुजायला लागतं आणि त्या पेल्यांचं पुढे काय झालं याची कोणालाही पडलेली नाही. मग पोलीस कॅप्टन रेनो येतो, भारीतली शँपेन मागवतो आणि म्हणतो लावा माझ्या बिलावर. लाझ्लो सज्जन माणूस, तो नको नको करतो. तर रेनो म्हणतो अहो हा आमचा खेळ आहे, हे लोक बिलावर लिहितात, मी बिल फाडून टाकतो. (आपल्या ओळखीचा एखादा साहेब आठवला असेल तर आठवू दे.) थोड्या वेळाने खुद्द रिक त्या टेबलावर येऊन बसतो, जो गिऱ्हाइकांबरोबर कधी पीत नाही, आणि बिल मागवल्यावर म्हणतो ते माझ्याकडे. रेनो चाट पडतो, आज सगळे रिवाज मोडले म्हणतो. माझ्या मते या माणसाचं अजून त्या बाईवर प्रेम आहे हे तिथेच सिद्ध होतं, पॅरिसचा फ्लॅशबॅक नसता तरी चाललं असतं.

बाजारातला तो लेसवाला तर घरचाच वाटतो. इल्साला सातशे फ्रँक सांगतो, रिकची ओळख दिसल्याबरोबर दोनशे, आणि खास ओळख आहे म्हटल्यावर शंभर. तुळशीबागेत यापेक्षा वेगळं काय चालतं? पुढे रिक हॉटेल विकायला काढतो तेव्हाही तसंच. घेणारा फेरारी, डोक्यावर फेज टोपी, हातात माश्या मारायचं झापडं. रिक अट घालतो की सॅम पियानोवाल्याला नफ्यातले पंचवीस टक्के मिळतात ते तसेच चालू ठेवायचे. फेरारीला पक्कं माहितीय की दहाच मिळतात, पण म्हणतो लायकी पंचवीसची आहे. यापेक्षा सभ्य व्यवहार मी सिनेमात बघितलेला नाही. अजून एक, पोलिसांनी हॉटेल बंद करायला लावल्यावर रिक आधी विचारतो किती दिवस बंद ठेवणं परवडेल, आणि लगेच सांगतो की सगळ्यांचे पगार चालू राहतील. लोक त्याच्या ओव्हरकोटावर भाळतात, मी या वाक्यावर.

आणि शेवट तर काय विचारता. ती गेली, विमान गेलं, धुक्यात रिक आणि रेनो चालतायत, आपले डोळे भरलेले, आणि ते काय बोलतायत? लाझ्लो निसटतो की नाही या पैजेचे दहा हजार फ्रँक. पैज मुळात वीस हजारांची होत होती, पण मी गरीब लाचखाऊ अधिकारी आहे म्हणत रेनोनेच ती दहावर आणली होती. आता त्या दहा हजारांत दोघांचा प्रवासखर्च निघेल असं ठरतं आणि मग मैत्री वगैरे.

स्टुडिओवालेही काही कमी हिशेबी नव्हते. मोरोक्कोला कोण जातंय, कमानी, पंखे, जाळीच्या सावल्या सगळं कॅलिफोर्नियात बरबँकला उभं केलं. शेवटचा विमानतळ स्टुडिओच्या आतच, विमान लहान मापाचं, म्हणून मेकॅनिक म्हणून बुटकी माणसं आणली आणि वर धुकं सोडलं. नोव्हेंबर १९४२ मध्ये अमेरिकन फौजा खऱ्या कॅसाब्लांकाला उतरल्या, गावाचं नाव रोज पेपरात, यांनी लगेच त्याच महिन्यात न्यूयॉर्कला प्रीमियर उरकून घेतला. फुकटची जाहिरात कोण सोडतो.

मला मात्र त्या हॉटेलातली दोनच माणसं खरी आवडतात, ज्यांच्याकडे हिशेब असतो ती. एक कार्ल, गोबऱ्या गालांचा हेडवेटर. एक गिऱ्हाईक आपण ॲमस्टरडॅमची दोन नंबरची बँक चालवायचो अशी फुशारकी मारतं तर हा म्हणतो, तिथला एक नंबरचा बँकर आमच्या मुदपाकखान्यात पेस्ट्र्या करतो. हसलो ना आपण? मीही दर वेळी हसतो. कार्लचं काम करणारा एस. झेड. साकाल हंगेरीचा ज्यू, त्याच्या तिन्ही बहिणी नाझींच्या छळछावण्यांत गेल्या.

दुसरा एमिल, रूलेटच्या जुगाराच्या टेबलावरचा. बल्गेरियाच्या नवरा-बायकोला व्हिसासाठी पैसे हवेत, म्हणून रिक बावीस नंबर दोनदा लागेल असं बघतो. नंतर विचारतो आज धंदा कसा काय, तर एमिल तोंड न वाकवता सांगतो की वाटलं होतं त्यापेक्षा दोन हजार कमी. हा मार्सेल दालियो. फ्रान्समधला चांगला नावाजलेला नट, ज्यू. जर्मन पॅरिसला पोचायच्या आत बायकोला घेऊन निघाला, लिस्बन गाठलं, चिलीचे व्हिसा मिळवले, आणि मेक्सिकोपर्यंत आल्यावर कळलं की ते नकली आहेत. मग कॅनडाचे तात्पुरते पासपोर्ट, मग हॉलिवूड, आणि तिथे काम काय मिळालं तर रिकच्या हॉटेलात गोळी फिरवायचं. बायकोही याच पिक्चरमध्ये आहे, मादलेन लबो, फ्रान्सचं राष्ट्रगीत गाताना जिचे डोळे वाहतात ती. शूटिंग चालू असतानाच दालियोने घटस्फोटाचा अर्ज केला. त्याचे आईवडील युरोपात राहिले होते, ते छावणीत मारले गेले.

पिक्चरमध्ये व्हिसाचे भाव कसे उघड चालतात. चोरून व्हिसा विकणारा उगार्ते तर सांगतोच की मी रेनोच्या निम्म्या दरात देतो, मग मी वाईट कसा. मला विचारायचंय की चिलीचे ते नकली व्हिसा दालियोला केवढ्याला पडले? घासाघीस केली असेल का त्याने? का सांगतील तेवढे मोजून दिले असतील, मागे जर्मन येतायत म्हटल्यावर? आणि ज्याने विकले तो संध्याकाळी कुठल्या तरी हॉटेलात बसून मित्रांना म्हणालाही असेल, आज बिल माझ्याकडे.