एका खिडकीचे किती?

बेळगावातल्या जुन्या घरांना खिडक्या होत्या, काचा क्वचितच असायच्या. शहापूर, वडगाव, अनगोळ, कुठल्याही गल्लीत एखादं टिकून राहिलेलं घर बघा. लाकडी चौकट, उभे लोखंडी गज आणि आतून दोन फळ्यांची दारं. पाऊस आला की दारं ओढून घ्यायची, उघडला की लोटायची. पुसण्यासारखं त्यात काही नव्हतंच, फार तर दिवाळीच्या आधी गजांवरनं एक फडकं फिरायचं. मग ही घरं उतरवून तिथं आरसीसी उभी राहिली, ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर घराला पूर्वी नसलेली एक वस्तू आली. काचेची बाहेरची बाजू.

घरातलं सगळं कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला आलेलं असतं. भांडी मावशींची, ओटा आपला, माळा सणासुदीला घरातल्या पुरुषाचा. बाहेरच्या काचेचं मात्र कुणीच काही लागत नाही. मावशी म्हणतात, हात पोचत नाही. मालक म्हणतात, पाऊस धुऊन काढतोय की. आमच्याकडचा पाऊस खरोखर धुण्यासारखाच असतो, जूनमध्ये आला की ऑक्टोबरपर्यंत पाय काढत नाही. पण तो काच धुत नाही. तो आधीची धूळ कालवतो, तिचे ओघळ करतो आणि उघडीप मिळाली की ते ओघळ तिथंच वाळवून जातो. दसऱ्याच्या सुमारास दिवाणखान्यात ऊन शिरतं तेव्हा सगळ्यांना एकदम कळतं, की चार महिने आपण जे आभाळ गढूळ समजत होतो त्यातलं बरंचसं आपल्या काचेवरच होतं.

हे बेवारशी काम आमच्या गल्लीत शेजारच्या वहिनींच्या धाकट्यानं उचललं. पोरगा पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला, सायन्सला. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी बादली, दांडा, पाठीवर कॉलेजचीच सॅक घेऊन निघतो. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी विचारलं, "काय करूलास रे?" तर म्हणाला, "काचा पुसूलोय की काकू. तुमच्या पण लई घाण झाल्यात." आपल्या घरच्या काचेला घाण म्हणणाऱ्या माणसाला नाही म्हणता येत नाही.

मोबाइलवर परदेशातल्या खिडक्या पुसणाऱ्यांचे व्हिडिओ बघत बसायचा म्हणे. ते लोक रबरी पट्टीचा वायपर काचेवर नागमोडी फिरवतात आणि मागे कोरडी काच उरते. बघायला ते छानच असतं, मीही एक-दोन बघितले आणि गॅसवरचं दूध उतू जाता जाता वाचलं. पण आपल्या बाजारात वायपर म्हटलं की फरशीचा देतात. शेवटी त्यानं तो ऑनलाइन मागवला. एका हातानं चालवायचं हे हत्यार इटलीतून अमेरिकेत गेलेल्या एका खिडकी पुसणाऱ्यानंच बनवलं, १९३६ साली. एत्तोरे स्तेक्कोने त्याचं नाव. त्याआधीचा वायपर चांगलाच वजनदार होता, त्याला दोन रबरं, आणि ती बदलायची तर बारा स्क्रू सैल करायचे. या माणसानं हलकं पितळ घेतलं, एकच धारदार रबर लावलं आणि काम सोपं केलं. खिडकी पुसण्याच्या हत्यारात सुधारणा खिडकी पुसणाऱ्यानं केली याचं मला फार बरं वाटलं. आमच्या घरातल्या बहुतेक वस्तू त्या कधीच न वापरणाऱ्यांनी बनवल्यासारख्या वाटतात. मिक्सरचं झाकण घ्या.

मुलांनी काच पुसायची ही गोष्ट तशी नवी नाही. माझ्या आजोळी, खानापूर तालुक्यात, वीज उशिरा आली. तिन्हीसांजेच्या आधी कंदिलाच्या काचा पुसायचं काम मुलांकडंच असे, कारण मोठ्यांचा हात त्या काचेत शिरायचा नाही. चुलीतली मऊ राख, जुनं सुती कापड, आणि काच फुटली तर पाठीत धपाटा. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील होता आमच्याकडं. त्या कामाचे पैसे कुणी दिले नाहीत आणि मागायचं कुणाला सुचलंही नाही. उजेड सगळ्यांनाच हवा असायचा.

या पोराचं काम मात्र मी खुर्ची टाकून बघितलं. मला वाटत होतं, बाहेरनं शिडी लावेल. त्यानं तसलं काही केलं नाही. स्लायडिंगचं शटर दोन्ही हातांनी धरून वर उचललं, खालची कड चॅनलमधून सोडवली, आत ओढली आणि अख्खी काच हॉलमध्ये आणून भिंतीला टेकवली. बारा वर्षं या घरात राहतोय आम्ही, ते शटर असं निघतं हे कुणाला ठाऊक नव्हतं. ह्यांनी तर उठून दुसरं शटर स्वतः काढून बघितलं. परत बसवायला पोरालाच बोलवावं लागलं, ते सोडा. बाहेरची बाजू अशी घरात आली आणि जाजमावर जुना पेपर अंथरून, बसून पुसता आली.

साबण म्हणाल तर बादलीभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब. जास्त घातलं तर फेस पुसण्यातच वेळ जातो. आधी कोरड्या ब्रशनं धूळ झाडायची, नाहीतर तीच ओली होऊन काचेवर घासली जाते आणि चरे पडतात. वायपर वरून खाली, आणि प्रत्येक ओढीनंतर रबर पुसून घ्यायचं. उन्हातली काच धरायची नाही, पाणी वाळून डाग बसतो. म्हणून पश्चिमेच्या खिडक्या सकाळी आणि पूर्वेच्या दुपारनंतर. एक युक्ती मला सगळ्यात आवडली. शेवटचं कोरडं फडकं तो आतल्या बाजूनं उभं फिरवतो आणि बाहेरच्या बाजूनं आडवं. कुठं रेघ राहिलीच तर ती उभी की आडवी यावरून कळतं, ती आहे कुठल्या अंगाला. नाहीतर काचेवरची रेघ पुसायला गेलं की ती नेहमी पलीकडं असते.

चॅनलमधली माती त्यानं रंगाच्या जुन्या ब्रशनं उकरली आणि खालच्या पट्टीतली दोन बारीक भोकं तारेनं मोकळी केली. चॅनलमध्ये साठलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ती ठेवलेली असतात. ती बुजली की पावसाचं पाणी आतल्या भिंतीवर उतरतं, आणि आपण कॉन्ट्रॅक्टरला शिव्या देत बसतो. आमच्याकडं त्या शिव्यांची परंपरा होती.

पाण्याचं त्याचं वेगळंच शास्त्र झालंय. नळाला राकसकोप जलाशयाचं पाणी असलं तर तेच घेतो, बोअरचं टाळतो. बोअरच्या जड पाण्यात विरघळलेले क्षार असतात, पाणी उडून जातं आणि पांढरे ठिपके मागं राहतात. बागेला पाइपनं पाणी घालणाऱ्या घरांत खालच्या काचांवर असे ठिपके थरांनी चढलेले असतात. त्यांना साबण लागू पडत नाही. व्हिनेगर किंवा लिंबू लावून थोडा वेळ ठेवलं की सुटतात. कॅल्शियम कार्बोनेट आम्लात विरघळतं, हे त्याला पुस्तकात होतं. ते लोकांच्या न्हाणीघराच्या खिडकीवर भेटेल अशी त्याची अपेक्षा नव्हती.

पण ऐकण्यासारखं तो सांगतो ते बादलीतल्या पाण्याबद्दल. दिवसभराचं काम संपल्यावर बादलीकडं बघून तो म्हणे कुठल्या भागात होता ते सांगू शकतो. आपलं गाव दोन मातींच्या सीमेवर बसलंय. पश्चिमेला आणि दक्षिणेला खानापूरकडं गेलात की जांभ्याची तांबडी माती, पूर्वेला काळं रान. हिंडलग्याच्या बाजूला पाणी विटकरी होतं. उद्यमबागेच्या आसपास काळं आणि बोटाला थोडं चिकट, फौंड्र्यांची कृपा. वडगावात मागाच्या घरांजवळ पाणी फारसं काळं होत नाही, पण तळाला सुताची लव गोळा होते. इकडं सीमेवरून साठ-सत्तर वर्षं सगळे भांडतायत. या पोरानं ती बादलीत बघितली आणि गटारात ओतून घरी आला.

सीमेचं आणखी एक काम त्याला मिळालं, ते मला नंतर कळलं. पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं, असा नियम कर्नाटकात २०२४ मध्ये कायद्यात आला, तशी कितीतरी दुकानांच्या काचांवरची जुनी चिकट अक्षरं काढावी लागली. अक्षर ओढलं की निघतं, गोंद निघत नाही. ओल्या काचेवर ब्लेड आडवी धरून तो खरवडावा लागतो, कोरड्यावर केलं तर काच गेली. एका दुकानदारानं त्याला मराठी अक्षरांखालचा गोंद काढायला लावला आणि काढून होईपर्यंत शेजारी उभा राहून दोन्ही सरकारांना एकेक शिवी हासडली. पैसे मात्र वेळेवर दिले.

आता पैशांकडं येते, कारण खरी गंमत तिथंच आहे. दर त्यानं पटकन ठरवला होता. खिडकीला पन्नास, शटर काढून दोन्ही अंगानं पुसायचं असलं तर सत्तर, डासांच्या जाळीचे वीस वेगळे. अवघड होतं ते सांगणं. महांतेशनगरात एका कन्नड घरी बाईंनी दारातच विचारलं, "एष्ट री?" तर हा ताठ उभा राहून म्हणाला, "ओंदु किटकिगे ऐवत्तु री." एका खिडकीला पन्नास. त्या चाळिसावर आल्या, हा पन्नासावर राहिला, काम झालं. आणि आपल्याच गल्लीत, जिथं प्रत्येक बाई मावशी नाहीतर काकू, तिथं "किती झाले रे?" म्हटलं की मान खाली घालून म्हणायचा, "द्या की, तुम्हाला वाटेल ते."

वाटेल ते, हा जगातला सगळ्यात बेभरवशाचा दर आहे. कुणाला वीस वाटतात. कुणाला चहा-पोहे आणि "मोठा हो" एवढंच वाटतं. एका काकूंना कुंदा, म्हणजे आमची बेळगावी मिठाई, वाटला. घरातल्या सगळ्या खिडक्यांचे पैसे म्हणून त्यांनी पाव किलोचा डबा हातात ठेवला. तो आम्ही चौघांनी मिळून खाल्ला, त्यामुळं मी त्या काकूंबद्दल वाईट बोलणार नाही. आणि कुणाला चक्क पाचशे वाटतात, तेव्हा तर पोरगा पळच काढतो. कमी मिळाल्याची लाज वाटत नाही एवढी जास्त मिळाल्याची वाटते. ओळखीच्या माणसाकडून पैसे घेणं आपल्याकडं अजून हलकं समजतात. ओळखीच्या माणसाकडून काम फुकट करून घेणं ही मात्र आपुलकी. मी त्याला सरळ सांगितलं, की बाबा, मी काकू असले तरी माझ्या खिडक्या काही तुझ्या भाच्या नाहीत. सत्तरच्या हिशेबानं घे. घेतले, पण नोटा न मोजता खिशात कोंबल्या. मोजणं त्याला उद्धटपणा वाटला.

एका बाबतीत मात्र त्याची जीभ पहिल्यापासून अडखळली नाही. आईनं अट घातलेली, शिडीच्या तिसऱ्या पायरीच्या वर जायचं नाही. एका घरी दुसऱ्या मजल्यावरची काच आतनं निघेना, तेव्हा तिथले गृहस्थ म्हणाले, "सज्ज्यावर उतर की, पाय टेकायला चांगली जागा हाय. मी धरतो." हा म्हणाला, "ते माझं काम नव्हे काका." आणि बादली उचलली. त्यांनी अर्धेच पैसे दिले, तेही कुरकुरत. इकडं पन्नास मागताना ज्याचा घसा कोरडा पडायचा त्यानं तिकडं नकार इतका गुळगुळीत कसा दिला, हे मला अजून उलगडलं नाही. कदाचित नकाराला दर नसतो म्हणून.

घरी सुरुवातीला वहिनींनी बरंच मनाला लावून घेतलं होतं. "पोराला शिकवायचं सोडून लोकांच्या काचा पुसायला पाठवलाय म्हणतील," असं त्या माझ्याकडं येऊन दोन-तीनदा तरी बोलल्या. त्याचे वडील उद्यमबागेत मशीनवर असतात. ते यातलं काहीच बोलले नाहीत. एका संध्याकाळी कारखान्याजवळच्या दुकानातून मशीन पुसायच्या बनियनच्या कापडाचा गठ्ठा घेऊन आले आणि पोराच्या सॅकजवळ ठेवून हातपाय धुवायला गेले. त्या कापडाची लव काचेला लागत नाही, हे त्यांना त्याच्या आधी माहीत होतं.

दराचा प्रश्न शेवटी त्याच्या बहिणीनं सोडवला. तिनं सगळे दर मराठीत आणि कन्नडमध्ये सुबक लिहून त्याच्या व्हॉट्सॲप स्टेटसला लावले, खाली आईचा नंबर दिला, कारण हा कॉलेजात फोन उचलत नाही. परवा मी विरजण मागायला गेले तर वहिनी फोन कानाला लावून कॅलेंडरवर पेन्सिलीनं खुणा करत होत्या. मला हातानंच बसा म्हणाल्या आणि पलीकडच्या बाईला सांगत राहिल्या, "नाही हो ताई, जाळीचे त्यात धरलेले नाहीत, ते वेगळे पडतात. आणि दिवाळीच्या आधीचे दोन्ही रविवार भरलेत, त्याच्या आदल्या शनिवारी बघा जमतंय काय. दुपारी तीननंतर. आणि पाणी नळाचं भरून ठेवा हं, बोअरचं नको."