आर्टिकलशिपची तीन वर्षे आणि इंडेक्स-टूमधली एक ओळ

मुंबईत सॉलिसिटर व्हायचे असेल, तर बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटीकडे नाव नोंदवून एखाद्या सॉलिसिटरच्या हाताखाली तीन वर्षे आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करावी लागते आणि सोसायटीची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. १९७६ च्या दुरुस्तीने अ‍ॅटर्नी (म्हणजेच सॉलिसिटर) हा वकिलांचा वेगळा वर्ग अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमधून गेला, त्यामुळे वकिली करण्यासाठी या परीक्षेची सक्ती उरलेली नाही. तरीही फोर्टमधल्या जुन्या फर्म्समध्ये तिची पत टिकून आहे आणि त्या प्रतिष्ठेपायीच मीही नाव नोंदवले. सकाळी लॉ कॉलेजची लेक्चर्स आणि दहापासून फर्म, असा दिवस असे. स्टायपेंड लोकलचा पास आणि चहा यांत संपत असे, त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

माझी पहिली नेमणूक कन्व्हेयन्सिंगमध्ये, म्हणजे मिळकतींच्या खरेदी-विक्रीच्या कामात, झाली. गिरगावातली एक जुनी इमारत आमचे अशील विकत घेणार होते आणि तिच्या टायटलचा, म्हणजे मालकी हक्काचा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट तपासून त्याचा गोषवारा करण्याचे काम माझ्याकडे आले. सर्च क्लार्क सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात बसून वर्षावार इंडेक्स-टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची सूची, पाहतो आणि काय सापडले ते लिहून आणतो. जुन्या वर्षांपुढे ‘पाने फाटलेली’ असा शेरा वारंवार येतो, आणि तो शेरा अहवालात जसाच्या तसा उतरवायचा असतो, कारण जे पाहता आले नाही तेही अशिलाला कळले पाहिजे. त्या हस्तलिखित नोंदींवर मी आठवडाभर डोळे फोडले. नावांची वेगवेगळी स्पेलिंग्ज, बदललेले सी. एस. (भूमापन) नंबर, वाटणीपत्रे, सारे जुळवले. संगणकावरच्या अलीकडच्या वर्षांकडे मात्र, तिथे सगळे स्वच्छ छापलेले आहे म्हणून, मी वरवर पाहिले, आणि चूक नेमकी तिथेच झाली.

एका नोंदीत दस्ताच्या प्रकारापुढे नुसते ‘नोटीस’ असे लिहिले होते. टायटल डीड्स (मालकीचे दस्त) बँकेकडे ठेवून कर्ज घेतले, तर त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन तीस दिवसांत दाखल करावी लागते. ही तरतूद २०१३ पासून लागू झाली असल्याने अलीकडच्या इंडेक्समध्ये अशा नोटिसा पावलोपावली भेटतात. ही त्यांतलीच एक असणार आणि बँकेचे कर्ज फेडल्याचा कागद फाइलमध्ये आहेच, असे मी गृहीत धरले. ज्यांच्या हाताखाली मी होतो त्या सरांनी गोषवारा वाचला, त्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि विचारले, “ही मागवून वाचलीस?” मी बँकेचे नाव सांगितले. ते म्हणाले, “मी बँकेचं विचारलं नाही. वाचलीस का, ते विचारलं.”

प्रत मागवली, तेव्हा ती लिस पेंडन्सची, म्हणजे मिळकतीवर दावा प्रलंबित असल्याची, नोटीस निघाली. आपल्याशी आधीच विक्रीचा करार झाला आहे आणि त्याची पूर्तता व्हावी, असा दावा एका माणसाने मालकाविरुद्ध हायकोर्टात लावला होता. आमचे अशील पुढच्याच आठवड्यात बयाणा देणार होते. सर ओरडले नाहीत. त्यांनी रिपोर्ट माझ्यासमोर सरकवला आणि ‘आम्ही स्वतः वाचलेले दस्त’ व ‘केवळ इंडेक्सवरून समजलेले दस्त’ अशा दोन वेगळ्या याद्या करायला सांगितल्या. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब भरली, याची लाज मला अजून वाटते.

वर्षभराने लिटिगेशनमध्ये, म्हणजे कोर्टातले दावे पाहणाऱ्या विभागात, गेलो. तिथली पहिल्या सहा महिन्यांची तरी विद्या म्हणजे पानांचे क्रमांक घालणे आणि ऑब्जेक्शन्स दूर करणे. दावा कोर्टाच्या कार्यालयात लॉज (सादर) केला की त्याला लॉजिंग नंबर मिळतो. कुठे परिशिष्ट पुसट आहे, कुठे सही राहिली आहे, असे आक्षेप कार्यालय काढते आणि ते दूर होईपर्यंत पक्का नंबर मिळत नाही. आमचे कोर्ट क्लार्क काका कागदांचा गठ्ठा हातात घेऊनच त्यावर किती ऑब्जेक्शन्स येतील ते सांगत, आणि बहुधा तितकीच येत. तारखांची धास्तीही इथेच बसली. व्यावसायिक दाव्यात समन्स बजावल्यापासून १२० दिवसांत लेखी जबाब दाखल झाला नाही, तर तो देण्याचा हक्कच जातो, आणि मग कोणत्याही सबबीचा उपयोग होत नाही.

तिथे एका जमिनीच्या दाव्यात विभागातल्या वरिष्ठ मॅडमनी मला लिस पेंडन्सची नोटीस तयार करायला सांगितले. महाराष्ट्रात मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२, म्हणजे दावा चालू असताना झालेल्या हस्तांतरणाविषयीचे कलम, मुंबई प्रांताने १९३९ साली केलेल्या दुरुस्तीसह वाचावे लागते. इतर बहुतेक राज्यांत दावा प्रलंबित असणे पुरेसे असते, आपल्याकडे मात्र त्याची नोटीस नोंदवलेली नसेल, तर खरेदीदाराला त्या कलमाने अडवता येत नाही. नोटिशीत मालकाचे नाव व पत्ता, मिळकतीचे वर्णन, कोर्ट, दाव्याचे स्वरूप आणि शीर्षक, तसेच दावा दाखल झाल्याची तारीख द्यावी लागते. मिळकतीचे वर्णन लिहिताना मी नको इतका वेळ घेतला. जुना नंबर, नवा नंबर, चतुःसीमा, सगळे घातले. “खरेदीखत लिहितोयस का?” असे मॅडमनी विचारले, पण त्यातले काही खोडले नाही.

कॉर्पोरेट विभागाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथला माझा बराच काळ सह्यांची पाने जुळवण्यात आणि रात्री अकरा वाजता ‘अंतिम’ नावाच्या सातव्या मसुद्यात आठवी दुरुस्ती करण्यात गेला. एका कंपनीचे शेअर्स विकले जात होते. विक्रेत्यांनी दिलेल्या हमीला अपवाद ठरणाऱ्या बाबी डिस्क्लोजर लेटरमध्ये लिहायच्या असतात, आणि प्रलंबित दाव्यांची यादी माझ्याकडे होती. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दोन दावे सांगितले. गोदामाच्या इंडेक्स-टूमध्ये मला एक ‘नोटीस’ दिसली.

“ती बँकेची असेल,” ते फोनवर म्हणाले.

मी प्रत मागवली. ती खरोखरच बँकेची होती.